गुरुवार परत मिळणेबाबत

आशा बोलली.

भर सभागृहात, तीसेक शिक्षकांसमोर, माईक नसताना, खणखणीत बोलली. पण हे वाक्य मी आताच मागे घेतो, कारण तसं काही झालेलं नाही. प्रशिक्षणाचा अहवाल वर गेला आहे आणि त्यात आशाच्या नावापुढे 'प्रतिसाद नाही' असं टाइप केलेलं आहे. अहवाल एकदा वर गेला की खाली जे घडलं ते आपोआप रद्द होतं. हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. तेव्हा आमच्या शाळेत नसलेल्या नळाला पाणी येत असल्याचं वर सिद्ध झालं, आणि त्यानंतर आम्हाला तहान लागणं हा नियमभंग ठरला.

तर आशा बोललेली नाही. आता ती कशी बोलली नाही, ते सुरुवातीपासून सांगतो.

माझं नाव ईश्वर. गाव रनाळे. नोकरी अक्कलकुवा तालुक्यात, डोंगरातल्या एका पाड्यावर, पहिली ते चौथी. शाळेत शिक्षकांची दोन पदं मंजूर आहेत. एक मी आणि दुसरं रिक्त. रिक्त पद माझ्या आधीपासून तिथं आहे, त्यामुळे ते मला ज्येष्ठ. ते कधी रजा घेत नाही, कधी उशिरा येत नाही, आणि त्याचा आत्मविश्वास तर बघण्यासारखा आहे. एवढी सरकारं आली-गेली, ते जागचं हललेलं नाही.

आशा दुसरीत आहे. पहिलीत आली तेव्हापासून वर्गात तिने एक अक्षर उच्चारलं नव्हतं. मुकी नाही. पाड्यावर तिचा आवाज नाल्याच्या पलीकडून ऐकू येतो. बकऱ्यांना ती भिलीत अशा शिव्या देते की बकऱ्या मान खाली घालून उभ्या राहतात. फक्त, लोक देवळाबाहेर चपला काढून ठेवतात तशी ती शाळेबाहेर जीभ काढून ठेवायची. सुटताना परत घ्यायची.

मी जमेल ते केलं. भिली शिकलो. म्हणजे इतपत शिकलो की मी तोंड उघडलं की पोरं हसून लोळायची. आशाही हसायची, पण आवाज न करता. तिच्यावर ओरडलो नाही, तिला उठवून उभं केलं नाही, 'बोल ना बाळा' म्हणून पिच्छा पुरवला नाही. प्रशिक्षण झालेलं नव्हतं ना, त्यामुळे मी असा ढोबळपणे वागत होतो.

मग कोंबडीचं प्रकरण घडलं.

आमच्या शाळेला वरून एक मोठा टीव्ही मिळालेला आहे. त्याला वीज लागते ही बातमी पाठवणाऱ्यांपर्यंत पोचली नसावी. टीव्ही कपाटात बंद आहे. त्याचं खोकं मात्र मागच्या व्हरांड्यात पडलेलं होतं आणि त्याचा उपयोग झाला. आशाची आजी रूपलीबाई, तिची लाल कोंबडी हरवली. रूपलीबाईने शेजारच्या बाज्यावर आळ घेतला की यानेच कापून खाल्ली. पाड्यावरची मोठी माणसं जमली. बाज्याने याहामोगी मातेची शपथ घेतली. रूपलीबाई म्हणाली, शपथ घेताना तुला ढेकर आला, तो कोंबडीचाच होता. ढेकर कशाचा, यावर दोन संध्याकाळी गेल्या. दोन्ही घरं एकमेकांच्या अंगणातून जायची बंद झाली.

आणि मग एका सकाळी, आमची प्रार्थना चालू असताना, टीव्हीच्या खोक्यातून लाल कोंबडी बाहेर आली. मागून पिल्लांची रांग. आमच्या रांगेपेक्षा सरळ. शासनाने पाठवलेल्या डिजिटल साहित्यातून आमच्या शाळेत निर्माण झालेली ही पहिली गोष्ट.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर आशा माझ्याकडे आली. शर्टाचं टोक धरलं. आणि बोलली. अगदी हळू, भिलीत. कोंबडीची गोष्ट मी सांगणार. सगळ्यांसमोर. बेस्तरवारी.

"गुरुवारीच का?" मी विचारलं. घाईत चुकीचं क्रियापद वापरलं असणार, कारण ती हसली.

तोवर पिल्लांना अंगणाबाहेर न्यायला आजी हो म्हणणार होती. गोष्ट सांगायची तर कोंबडी आणि पिल्लं सोबत हवीत. असं नियोजन करणाऱ्या शिक्षकाला आमच्याकडे पुरस्कार मिळतो.

मी फळ्यावर वर, तारखेच्या जागी, मोठ्या अक्षरात लिहिलं: गुरुवार – आशा. पोरांनी ते घरोघर पोचवलं. बाज्यानेसुद्धा निरोप पाठवला की तो ऐकायला येणार. त्याला म्हणे आपलं नाव कोणत्या ठिकाणी येतं ते बघायचं होतं.

मंगळवारी संध्याकाळी मी टेकडीवर गेलो. तिथं एका सागाखाली रेंज येते. मोबाइल थरथरला. बुधवार ते शुक्रवार, खापर येथे, 'उमलती मने' प्रशिक्षण. विषय: प्राथमिक स्तरावरील बालकांमध्ये आत्मविश्वास व प्रेरणा यांचे संवर्धन. सर्वांनी उपस्थित राहणे बंधनकारक. अनुपस्थितांवर कारवाई.

मी तो मेसेज पुन्हा वाचला. एका मुलीचा आत्मविश्वास वाढणार होता, नेमक्या त्याच दिवशी शाळेला कुलूप लावून, मुलांचा आत्मविश्वास कसा वाढवावा हे शिकायला मला डोंगर उतरायचा होता. मी बन्सीभाऊंना फोन लावला. बन्सीलाल सर, तापीकाठचे, आमच्या केंद्रातले सर्वांत जुने शिक्षक, निवृत्तीला टेकलेले.

"भाऊ, नाही आलो तर?"

"येडा शे का तू?" बन्सीभाऊ म्हणाले. "मागला साले माले ताप व्हता, तरी बलावं. विषय काय व्हता, माहीत शे? शिक्षकाचं आरोग्य."

प्रशिक्षण एका मंगल कार्यालयात होतं. तिथं आदल्या दिवशीचं लग्न अजून पुरतं संपलेलं नव्हतं. स्टेजवर लाल मखमलीचा सोफा होता, फुलांची कमान होती, आणि मागे थर्मोकोलची दोन नावं होती. 'उमलती मने'चं बॅनर आखूड पडल्याने त्याखालून नवरीचं अर्धं नाव दिसत होतं. खुर्ची न मिळाल्यामुळे आमचे मार्गदर्शक नवरदेवाच्या जागेवर बसले होते आणि शेजारची जागा रिकामी होती. माझ्या रिक्त पदाची आठवण झाली.

मार्गदर्शक म्हणजे हेमकांत सर. ते एके काळी शिक्षक होते. पुढे त्यांना बोलता येतं हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि त्यांची वर्गातून सुटका झाली. तेव्हापासून ते मुलांपासून जितके लांब गेले तितकं त्यांना मुलांविषयी अधिक कळत गेलं.

"मूल म्हणजे काय?" त्यांनी पहिल्याच तासाला विचारलं.

तीस शिक्षक, त्यातल्या निम्म्यांच्या घरी दोन-दोन, सगळे खाली बघायला लागले.

"मूल म्हणजे कळी!" सरांनी स्वतःच सांगितलं. "आणि आपण?"

"माळी," पुढच्या रांगेतून कोणी तरी म्हणालं.

"चूक. आपण सूर्य!"

त्यांच्याकडे आत्मविश्वासाचे पाच टप्पे होते. स्मित, टाळी, घोषवाक्य, अभिव्यक्ती आणि छायाचित्र. क्रम बदलायचा नाही, बदलला तर आत्मविश्वास उलट जातो, असं त्यांनी बजावलं. स्मित दहा मिनिटांत उरकलं. बाकीचा दिवस टाळीत गेला. टाळ्यांचे प्रकार होते. पोळी टाळीत आधी हवेत कणीक मळायची. धबधबा टाळीत बोटांपासून सुरू करून कडकडाट करायचा. डोसा टाळीत हवेत पीठ पसरवून, उलथून, वाजवायची. बन्सीभाऊंनी जन्मात एकदाच डोसा खाल्लेला, तोही सुरतेला, भाचीच्या साखरपुड्यात. आता त्यांना तो खांद्याच्या उंचीवर पुन्हापुन्हा उलथावा लागत होता.

धबधबा टाळीला सरांनी एक खास काम दिलं होतं. गोंधळ वाढला की ते एकदा टाळी वाजवणार. ती ऐकताच आम्ही सगळ्यांनी, हातातलं जे असेल ते टाकून, धबधबा करायचा आणि मग एकदम गप्प व्हायचं. याचा सराव इतका झाला की जेवताना सरांनी वरण वाढणाऱ्याला बोलवायला टाळी वाजवली, तर तीस शिक्षकांनी भातात बरबटलेल्या हातांनी धबधबा केला.

"वा!" सर म्हणाले. "हे आतून आलंय."

संध्याकाळी मी त्यांना गाठलं.

"सर, उद्याचा दिवस मला शाळेत जाता येईल का? दीड वर्षं वर्गात गप्प असलेली माझी एक विद्यार्थिनी उद्या पहिल्यांदा बोलणार आहे."

हेमकांत सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पहिला टप्पा केला.

"तळमळ समजते, ईश्वर सर. पण मुलांना बोलतं कसं करायचं, हे आपण शुक्रवारी घेणार आहोत. त्याच्या आधीच ती बोलली, तर?"

"तर काय?"

"तर ते शास्त्रीय राहणार नाही."

बन्सीभाऊंनी मला दंडाला धरून बाजूला नेलं. "भो, तू सूर्य शे ना? मंग सूर्य सुट्टी मागस का कधी?"

सरांची स्वतःची अडचण वेगळीच होती. गुरुवारी दुपारी मोठे साहेब येणार होते. त्यांच्यासमोर पाच टप्पे प्रत्यक्ष मुलावर करून दाखवायचे होते. त्यासाठी आत्मविश्वास नसलेलं एक मूल हवं होतं, आणि खापरमध्ये ते मिळेना. खापर हे बाजाराचं गाव. इथलं पोर पाळण्यातून भाव करतं. दोन-तीन आणून बघितली. एकाने सरांना विचारलं, नाश्ता काय देणार. दुसऱ्याने माईक घेतला तो सोडवावा लागला.

शेवटी सरांनी ओळखीच्या एका शिक्षकाची मुलगी ठरवली. दिपाली, चौथीतली, वक्तृत्व स्पर्धांमधून बक्षिसं घेऊन घेऊन कंटाळलेली. तिला भित्रं व्हायला शिकवायचं ठरलं. ती ते दोन तासांत शिकली. स्टेजवर येऊन फ्रॉकचं टोक असं चुरगाळायची की मागच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"सर," गुरुवारी सकाळी तालमीच्या वेळी दिपालीने विचारलं, "किती घाबरू? कालच्याइतकं, की जरा वाढवू?"

"जरा वाढव. पण रडायचं नाही. रडलीस तर घोषवाक्य ऐकू येत नाही."

मी घड्याळ बघत होतो. या वेळी आमच्या शाळेत प्रार्थना संपलेली असते.

चहाच्या सुट्टीत दारात गडबड झाली. बघतो तर रूपलीबाई. डोक्यावर बांबूची टोपली, तिच्यावर फडकं बांधलेलं, फडक्याखाली चिवचिव. आणि तिच्या लुगड्याला धरून आशा. केसांना तेल, भांग पाडलेला, शाळेचा गणवेश.

"काय रे गुरजी," रूपलीबाई आमच्या बोलीत आणि तिच्या बोलीत मिळून म्हणाली, "तू आमच्या दारी येऊन सांगतो, शाळा बुडवू नका, आणि तूच बुडवतो? ही पायरीवर बसली. उठेना. म्हणे फळ्यावर लिहिलंय. मी म्हटलं, गुरजी खापरला गेला तर शाळा बी तिकडेच गेली असेल. चल. जीपवाला कोंबडीचे बी पैसे मागत होता, त्याला सांगितलं, ती शाळेतलीच आहे."

मी काही बोलायच्या आत आशाने टोपली उतरवून घेतली. सभागृहात इकडंतिकडं बघितलं. लाल सोफा, कमान, हातात कप घेतलेली मोठमोठी माणसं. मला वाटलं, संपलं. आता हिची जीभ जीपमध्येच राहणार.

तिने फडकं सोडलं, कोंबडीला टोपलीबाहेर ठेवलं, पिल्लं भोवती मांडली. मग माझ्याकडे तोंड करून सरळ उभी राहिली. आज बेस्तरवार होता. ठरलं होतं.

"आमची कोंबडी हरवली," आशा म्हणाली.

भिलीत. पण अशा आवाजात की कप हलायचे थांबले. डोंगरातल्या शाळांवरचे शिक्षक जवळ सरकले, तापीकाठचे त्यांच्या मागे. आशाने आजीची चाल काढली, कमरेवर हात, जमीन हादरवत. बाज्याची शपथ काढली. आणि शपथेच्या मधोमध असा ढेकर काढला, की भाषा न कळणारेसुद्धा गडबडा हसले. रूपलीबाई सगळ्यांत मोठ्याने हसली आणि म्हणाली, अस्साच होता, अस्साच! आशा थांबली, हसू संपू दिलं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. कोंबडी शोधायला लोक कुठं कुठं गेले, नाल्यात, महूच्या झाडाखाली, बाज्याच्या चुलीत, ते सांगितलं. दिपाली घाबरायचं विसरून पुढं येऊन मांडी घालून बसली होती.

मग आशाने आवाज खाली आणला. सगळे पुढं झुकले.

"पण कोंबडी कुठं आहे, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी रोज बघत होते. आणि मी कोणालाच सांगितलं नाही, कारण–"

टाळी वाजली.

एकच. हेमकांत सर आतल्या खोलीतून चहाची सुट्टी संपवायला आले होते.

आणि आम्ही धबधबा केला. तीसच्या तीस. बोटांपासून सुरुवात, मग कडकडाट. कोणी ठरवून केला नाही. ते आतून आलेलं होतं. माझा कप खाली पडला होता आणि माझे हात वाजत होते. मी ते वाजताना बघत होतो. कोंबडी पंख फडफडवत सोफ्याखाली पळाली. पिल्लं पांगली. मग आम्ही सगळे, शिकवल्याप्रमाणे, एकदम गप्प झालो.

आशाही गप्प झाली.

"काय चाललंय?" सर म्हणाले. "ही कोण?"

"माझी विद्यार्थिनी, सर. जी आज बोलणार होती, ती."

"मग?"

"बोलत होती."

सरांनी तिच्याकडे, मग घड्याळाकडे बघितलं. "टाळीच्या आधी?"

"ओ सर," बन्सीभाऊ मागून म्हणाले, "पोरगी मस्त बोली ऱ्हायनी ना! आखो काय पाहिजे तुमले?"

सर ऐकत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर एखादी कल्पना सुचल्यावर येतो तसा आजार पसरत होता. "म्हणजे ही खरोखरची अबोल आहे? दीड वर्षं? अहो ईश्वर सर, मग आधी नाही का सांगायचं! दिपाली राहू दे. साहेबांना आपण अस्सल दाखवू."

"सर, तिला आधी गोष्ट पूर्ण करू द्या."

"आत्ता? आणि साहेब आल्यावर काय करायचं? आत्मविश्वास आलेल्या मुलाला आत्मविश्वास कसा आणणार?" ते माझ्याजवळ येऊन समजुतीने म्हणाले, "हे बघा, दीड वर्षं गप्प होती ना? मग आणखी तासभर राहिली तर कुठं बिघडतंय?"

याला उत्तर नसतं असं नाही. उत्तर होतं, मी ते दिलं. मोठ्याने दिलं. सरांनी शांतपणे ऐकलं आणि वहीत माझ्या नावापुढे लिहिलं: नकारात्मकता, समुपदेशन आवश्यक.

मग ते आशासमोर गुडघ्यावर बसले. पहिला टप्पा केला. आणि तिला मराठी कळत नसेल म्हणून, आपलं बोट उचलून तिच्या ओठांवर ठेवलं.

"शू. साहेब येईपर्यंत. मी सांगेन तेव्हा बोलायचं. हं?"

आशाला मराठी कळते. तिने मान हलवली. आपलं बोट आपल्या ओठांवर ठेवलं आणि दाखवलेल्या खुर्चीवर जाऊन बसली. पाय जमिनीला पोचत नव्हते. तिला कोणी तरी बिस्किटांचा पुडा दिला. तो तिने मांडीवर ठेवला, फोडला नाही, कारण तोंड बंद होतं.

साहेब तासाभरात आले नाहीत. पार उन्हं उतरायला आली तेव्हा गाडी वाजली. रूपलीबाई तोवर भिंतीला टेकून झोपली होती. आशा तशीच बसून होती.

साहेबांना सोफ्यावर बसवलं. नवरीच्या बाजूला. हेमकांत सरांनी आशाला हाताला धरून स्टेजवर नेलं, माईक समोर धरला आणि आम्हा सगळ्यांना उद्देशून म्हणाले की आपण आता एक कळी उमलताना बघणार आहोत.

स्मित झालं. आम्ही डोसा टाळी वाजवली. सरांनी घोषवाक्य दिलं, "मला येतं! मी करू शकते! म्हण बाळा, मला येतं!"

आशाने त्यांच्याकडे बघितलं. मग माईककडे. तिचं बोट अजून ओठांवर होतं. सरांनी ते हलकेच खाली ओढलं. त्यांनी हात सोडल्यावर ते परत वर गेलं.

"बेटा, नाव काय तुझं?" साहेबांनी विचारलं.

बोट तिथंच.

"फारच घाबरलेली आहे," साहेब म्हणाले. "आदिवासी भागात ही मोठीच समस्या आहे."

सर माईक झाकून माझ्याकडे वळले. "तुम्ही तर म्हणालात ही बोलते!"

"बोलत होती. तुम्ही गप्प राहायला सांगितलंत."

"तात्पुरतं सांगितलं होतं!"

त्याच वेळी सोफ्याखालून लाल कोंबडी बाहेर आली, उडी मारून साहेबांच्या शेजारी, मखमलीवर बसली आणि सभागृहाकडे बघायला लागली. साहेबांनी तिच्याकडे, मग सरांकडे बघितलं.

"ही?"

"लोकसहभाग, साहेब," हेमकांत सर म्हणाले. माणूस प्रसंगावधानी आहे. हे मान्य करायला हवं.

मग आशाला उतरवून दिपालीला चढवलं. दिपालीने फ्रॉक चुरगाळला, मान खाली घातली, ओठ थरथरवले. स्मित झालं, टाळी झाली, आणि घोषवाक्याला तिने जी मान वर केली आणि "मला येतं!" म्हणून जो आवाज लावला, त्याने कमानीची दोन फुलं गळाली. साहेबांना भरून आलं. "पाच मिनिटांत!" ते म्हणाले. "केवढं परिवर्तन!" लगेच पाचवा टप्पा, म्हणजे छायाचित्र झालं. तो फोटो आता सगळ्या गटांवर फिरतो आहे. त्यात साहेब आहेत, हेमकांत सर आहेत, दिपाली आहे आणि सोफ्यावर कोंबडी. आत्मविश्वास फक्त तिच्याच तोंडावर दिसतो.

गाडी गेल्यावर सगळे प्रमाणपत्रं कधी मिळणार याची चौकशी करायला लागले. मी आशाला शोधलं. ती टोपलीत पिल्लं भरत होती. समोर दिपाली उकिडवी बसली होती, एक पिल्लू ओंजळीत धरून.

"मंग?" दिपाली विचारत होती. "तू कोणले सांगं का नही? सांग ना. कोंबडी कोठे व्हती?"

दिवसभरात हा प्रश्न विचारणारी ती एकटीच.

आशाने वर बघितलं. लांब हेमकांत सर बॅनर गुंडाळत होते. तिने त्यांच्याकडे एक नजर टाकली आणि बोट ओठांवर ठेवलं. सरांनी अजून 'बोल' असं सांगितलेलं नव्हतं. तिचं खरंच होतं. 'मला येतं' म्हण, एवढंच सांगितलं होतं. ते तर ती आधीच दाखवून बसली होती.

बन्सीभाऊ माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी खिशातून रुमाल काढून उगाच चष्मा पुसला. "ह्या पाच टप्पा ना," ते म्हणाले, "मन्ही नोकरी लागनी तव्हय नव्हता. बरं झालं. पोऱ्हं शिकी तरी गयात."

शुक्रवारी प्रशिक्षण संपलं. 'मुलांना बोलतं कसं करावं' हा तास वेळेअभावी रद्द झाला.

सोमवारी शाळा उघडली. फळ्यावर 'गुरुवार – आशा' तसंच होतं. पोरं तिच्याभोवती जमली, सांग, सांग. बाज्या खिडकीत येऊन उभा राहिला होता, दाढी करून. मी खुर्ची बाजूला केली आणि जमिनीवर बसलो.

"आशा," मी माझ्या मोडक्या भिलीत म्हटलं, "कारण काय?"

या खेपेला माझं क्रियापद चुकायलासुद्धा जागा नव्हती, कारण मी ते वापरलंच नव्हतं. तरी ती हसली नाही. खोक्याकडे बघितलं. वाटेकडे बघितलं, कोणी गाडीतून येतंय का. मग बोट ओठांवर.

सुटल्यावर नाल्यापलीकडून तिचा आवाज आला. बकऱ्यांना शिव्या देत होती. म्हणजे आवाज शाबूत आहे. फक्त तो आता पुन्हा शाळेबाहेर असतो, आणि बकऱ्या त्याचं कारण सांगत नाहीत.

मी त्याच संध्याकाळी सागाच्या झाडाखाली गेलो आणि रेंज येताच खालील अर्ज पाठवला. पोच मिळालेली नाही.

प्रति,
संबंधित अधिकारी, कोणीही संबंधित नसल्यास, जे त्या वेळी खुर्चीवर असतील ते.

विषय: गुरुवार परत मिळणेबाबत.

महोदय, 'उमलती मने' प्रशिक्षणाकामी आमच्या शाळेचा एक गुरुवार आपल्या कार्यालयाने वापरावयास घेतला होता. प्रशिक्षण संपले असल्याने सदर गुरुवारची आपणास आता गरज नसावी. तो आमच्या शाळेच्या मालमत्तेपैकी असून त्यावर इयत्ता दुसरीतील एका विद्यार्थिनीचे नाव फळ्यावर लिहिलेले होते. तरी तो असेल त्या स्थितीत, शाळेच्या वेळेत, पाड्यावर पोचता करावा. संपूर्ण गुरुवार परत करणे प्रशासकीय दृष्ट्या शक्य नसल्यास त्यातील चहाच्या सुट्टीचा, 'कारण' या शब्दाच्या लगेच पुढचा भाग तेवढा द्यावा. बाकीचा आपल्याकडे ठेवून घेण्यास आमची हरकत नाही. तसेच सदर विद्यार्थिनीच्या ओठांवरील बोट ज्या तोंडी आदेशाने ठेवण्यात आले, तो आदेश सक्षम अधिकाऱ्याने स्वतः येऊन, गुडघ्यावर बसून, मागे घ्यावा. सोबत टाळी आणू नये. कोंबडी आमच्याकडे उपलब्ध आहे.